घरी बनवलेल्या सर्फबोर्डाला फिन कोणत्या पद्धतीने बसवावी? (सोलापूर)

बाळीवेसकर

मंडळी, नमस्कार. साडेसात फुटी सर्फबोर्ड घरीच तयार करण्याचे काम आम्ही दोघा भावांनी हाती घेतले आहे. आराखडा कागदावर पक्का झाला आहे आणि फोमचा ठोकळा आणून ठेवला आहे. त्याला तापलेली तार लावण्यापूर्वी फिनचा, म्हणजे बोर्डाच्या तळाला शेपटीकडे उभ्या लावतात त्या पात्याचा, प्रश्न मिटवायचा आहे, कारण फिन कशी बसणार हे ठरल्याशिवाय शेपटीकडची जाडी किती ठेवायची हे ठरत नाही.

बोर्डाची लांबी ७ फूट ६ इंच, सर्वाधिक रुंदी २२ इंच आणि मध्यावरची जाडी पावणेतीन इंचांच्या थोडी वर आहे. हिशेबाने घनफळ साधारण ५० लिटर येते. फोम ईपीएस, म्हणजे थर्मोकोलच आहे. मात्र तो शीतगृहांच्या भिंतींत उष्णतारोधनासाठी वापरतात त्या घट्ट प्रकारचा, घनमीटरला २८ किलो घनतेचा आहे. त्यामुळे निव्वळ फोमचे वजन दीड किलोच्या आत राहील. त्यावर विणलेले फायबरग्लासचे कापड आणि इपॉक्सी रेझिन चढवायचे आहे.

फिनसाठी आमच्यापुढे चार मार्ग आहेत. पहिला म्हणजे फिन बोर्डावरच फायबरने कायमची चिकटवणे. दुसरा, एफसीएस या फिन कंपनीच्या जुन्या धर्तीचे, प्रत्येक फिनसाठी दोन छोटे गोल प्लग बसवणे. तिसरा, फ्यूचर्स या दुसऱ्या कंपनीच्या धर्तीची प्रत्येक फिनसाठी एकेक सलग पेटी. चौथा, लाँगबोर्डला असते तशी मध्यभागी एकच साडेदहा इंची पेटी, जिच्या खाचेत फिन पुढे-मागे सरकवता येते. माझा भाऊ कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुळकीला सर्फिंग शिकून आला आहे. मी अजून शिकतो आहे. बोर्ड घेऊन आम्ही बहुतेक वेळा रेल्वेने चेन्नईच्या बाजूला जाणार, कारण सोलापूर मुंबई-चेन्नई मुख्य मार्गावरच आहे. कधी कोल्हापूरमार्गे कोकणात उतरू. जाणकारांनी कारणांसह मत द्यावे, ही विनंती.

कोवलमची_लाट

मी मूळची सोलापूरचीच, नोकरीमुळे चेन्नईत आहे आणि कोवलमच्या किनाऱ्यावर नियमित सर्फिंग करते. आपण फोम कापण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. पद्धत निवडण्यापूर्वी फिन नेमके काय करते हे पाहू, म्हणजे निवड आपोआप सोपी होईल.

फिन नसलेला बोर्ड लाटेच्या उतारावर आडवा घसरतो, कारण त्याच्या सपाट तळाला बाजूने कोणताही अडसर नसतो. १९३५ च्या सुमारास टॉम ब्लेक यांनी हवाईत एका जुन्या स्पीडबोटीची कील काढून आपल्या बोर्डाच्या तळाला लावली आणि बोर्ड सरळ धरून ठेवता येऊ लागला. परंतु फिनचे काम केवळ अडवण्याचे नाही. पाणी फिनवर किंचित तिरके आले की तिच्या दोन बाजूंना वेगवेगळा दाब तयार होतो आणि विमानाच्या पंखावर जसे उचल देणारे बल निर्माण होते तसेच येथे आडव्या दिशेने होते. वळणातून बाहेर पडताना पायाखाली जो जोर जाणवतो, तो बऱ्याच अंशी या बलामुळे असतो.

पुढे फिन्सची संख्या वाढत गेली. मार्क रिचर्ड्स यांनी १९७९ ते १९८२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदे दोन फिन्सच्या बोर्डांवर मिळवली. त्याच काळात सिडनीचे सायमन अँडरसन यांना मात्र, धिप्पाड शरीरयष्टीमुळे, दोन फिन्सचा बोर्ड मोठ्या लाटेवर फार निसटता वाटत होता. त्यांनी मागे तिसरी फिन जोडली आणि १९८१ मध्ये तशाच बोर्डावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आज बाजारात मिळणारे बहुसंख्य छोटे बोर्ड त्याच तीन फिन्सच्या मांडणीचे असतात.

आपला बोर्ड मात्र छोटा नाही. साडेसात फूट लांबी आणि ५० लिटर घनफळ असलेला बोर्ड हा लवकर लाट पकडण्यासाठी आणि लांब, सावकाश वळणांसाठी असतो. अशा बोर्डाला मध्यभागी एक फिन पुरते आणि शोभतेही. लांबीच्या दर फुटाला एक इंच उंचीची फिन हा जुना ठोकताळा लावला, तर आपल्याला साडेसात इंचांची फिन लागेल. म्हणून माझे मत चौथ्या मार्गाला आहे. खाचेत फिन पुढे सरकवली की बोर्ड सहज वळतो, मागे सरकवली की सरळ आणि स्थिर जातो. किनाऱ्यावर उभे राहून एक स्क्रू सैल करून हा फरक आपल्याला स्वतः अनुभवता येतो. समुद्र इतक्या दूर असताना ही सोय मोलाची आहे, कारण जागा चुकली तर बोर्ड सोलापूरला परत आणून पुन्हा कापावा लागत नाही.

रेझिनवाला_जुळे_सोलापूर

माझे काम फायबरच्या टाक्या आणि पत्रे बनवण्याचे आहे. सर्फबोर्ड मी केलेला नाही, परंतु रेझिन, कापड आणि सोलापूरचे ऊन या तिन्हींशी रोजचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, आपल्या एमआयडीसीत सहज मिळते ते पॉलिस्टर रेझिन चुकूनही या फोमला लावू नका. त्यातील स्टायरीन थर्मोकोलला विरघळवते आणि काही मिनिटांत खड्डा पडतो. पॉलिस्टर चालते ते पॉलियुरेथेनच्या फोमवर. आपण इपॉक्सी निवडले आहे, ते योग्यच आहे. त्याचप्रमाणे टाक्यांसाठी वापरतात ती सुट्या तंतूंची चॉप्ड मॅटही घेऊ नका. ती रेझिन फार पिते, वजन वाढवते, आणि तिच्यातील तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळावा अशा बेताने बनवलेला असतो. इपॉक्सीत तो नीट सुटत नाही. विणलेलेच कापड घ्या: वरच्या बाजूला २०० ग्रॅमचे दोन थर आणि तळाला एक.

दुसरी गोष्ट तापमानाची, आणि ती आपल्या गावासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. थर्मोकोलच्या मण्यांमध्ये हवा असते. सकाळी रेझिन लावले आणि दुपारपर्यंत खोली तापत गेली, तर ती हवा प्रसरण पावून ओल्या कापडाखालून बाहेर पडते आणि सगळीकडे बारीक बुडबुडे उमटतात. म्हणून रेझिन नेहमी तापमान उतरत असताना लावावे, म्हणजे आकसणारी हवा रेझिनला आत ओढून घेते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दिवसा हे काम करूच नये. सूर्यास्तानंतर फोम सावलीत बराच वेळ निवलेला असताना सुरुवात करावी. त्याआधी हलक्या फिलरचा, म्हणजे रेझिनमध्ये कालवलेल्या हलक्या भुकटीचा, पातळ लेप देऊन मण्यांमधील छिद्रे बुजवावीत. ते केले की रेझिनही कमी लागते.

इपॉक्सी आणि ते घट्ट करणारा हार्डनर कालवल्यावर हाताशी जो वेळ असतो, तो तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मा होतो. डब्यावर दिलेला वेळ २५ अंशांचा असतो, हे ध्यानात ठेवा. संथ हार्डनर मागवा, एका वेळी थोडेच मिश्रण करा आणि ते खोल मगात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. मगात साठलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडते. हातमोजे नायट्राइलचे वापरा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की ती आयुष्यभर सोबत राहते, आणि पुढे रेझिनच्या नुसत्या सान्निध्यानेही त्रास होतो. हात थिनरने पुसू नका, कारण त्यामुळे रेझिन कातडीत अधिक शिरते. साबण आणि पाणी पुरे आहे.

मागवाला

आमच्या घरी तीन पिढ्या यंत्रमाग आहेत, त्यामुळे या धाग्यातील कापडाच्या भागाकडे माझे लक्ष गेले. रेझिनवाले साहेबांना एक विचारायचे आहे. सुताचा ताणा मागावर चढवण्यापूर्वी आम्ही त्याला खळ देतो, नाहीतर तो घर्षणाने तुटतो. आणि रंगाईआधी ती खळ धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग धाग्यात उतरत नाही. काचेच्या धाग्यालाही खळ देत असतील, तर ती काढल्याशिवाय रेझिन कसे चिकटते?

दुसरे म्हणजे, बोर्डाच्या कडा गोलाकार असतात, असे चित्रांत दिसते. साधी वीण असलेले कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने गोलाईवर बसत नाही, त्याला चुणी पडते. तेच कापड ४५ अंशांत तिरके धरले, तर वीण किंचित सरकून ते कोणत्याही गोलाईला धरून बसते. बोर्डासाठी कापड कोणत्या दिशेने कापतात?

रेझिनवाला_जुळे_सोलापूर

मागवाले, आपला प्रश्न अगदी मर्मावर आहे. काचेच्या धाग्यालाही विणण्याआधी स्टार्च आणि तेल यांची खळ असते. विणून झाल्यावर ते कापड भट्टीत तापवून ती खळ जाळून टाकतात आणि त्यानंतर सिलेनचा लेप देतात. हा लेप एका अंगाने काचेला आणि दुसऱ्या अंगाने रेझिनला बांधतो. म्हणून कापड घेताना ते इपॉक्सीशी जुळणाऱ्या फिनिशचे आहे का, हे विक्रेत्याला विचारावेच. ओळखण्याची खूण सोपी आहे. चांगले कापड रेझिनने भिजले की पांढरेपणा जाऊन जवळजवळ अदृश्य होते आणि खालच्या फोमवरची पेन्सिलची रेघ स्पष्ट दिसू लागते. कितीही दाबले तरी धाग्यांच्या वेढ्यांत पांढुरकी झाक राहत असेल, तर तेथे रेझिन शिरलेले नाही असे समजावे.

दिशेबाबत, मोठे थर बोर्डाच्या लांबीला समांतर ताण्यानेच टाकतात, कारण वाकण्याचा ताण त्याच दिशेने येतो. नाक आणि शेपटीच्या गोलाईवर काप देऊन चुणी टाळतात. मात्र फिनच्या बुडाशी, जेथे ताण पिळवटणारा असतो, तेथे ठिगळे ४५ अंशांत तिरकी कापावीत. आपण सांगितलेली गोष्ट तेथे पूर्णपणे उपयोगी पडते.

पॅटर्नमेकर

मी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतो. बाळीवेसकर, फिन विकत आणण्याऐवजी ती स्वतः करा, हे सुचवण्यासाठी लिहीत आहे. आठ ते दहा मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवूड घ्या, त्यावर आयएस ७१० हा शिक्का असल्याची खात्री करा, कारण साधे प्लाय पाण्यात सुटते.

फिनचा बाह्याकार कापल्यावर खरे काम सुरू होते ते तिला फॉइल देण्याचे. पुढची धार गोलसर, सर्वाधिक जाडी पुढच्या धारेपासून रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, आणि तेथून मागच्या धारेपर्यंत निमुळती होत जाणारी, असा हा छेद असतो. येथे प्लायवूडचा एक मोठा फायदा आहे. कानस चालवत गेलात की एकेक थर उघडा पडतो आणि त्यांच्या गोंदाच्या गडद रेषा नकाशातल्या समउंची रेषांप्रमाणे फिनवर उमटतात. या रेषा दोन्ही बाजूंना सारख्या आणि सलग वळणाच्या दिसल्या, तर फॉइल बरोबर आले. एखादी रेष एका जागी फुगली असेल, तर तेथे माल अजून शिल्लक आहे; आत खेचली गेली असेल, तर तेथे जास्त गेला आहे. मापे न घेताही डोळा आणि बोट हे काम अचूक करतात. नंतर दोन्ही बाजूंना फायबरचे कापड चढवा आणि कडेने काचेच्या सुतळीची रेझिनमध्ये भिजवलेली गोट फिरवा, म्हणजे वाळूवर आपटली तरी धार फुटणार नाही.

पद्धतीबाबत मात्र माझे मत कोवलमच्या ताईंपेक्षा वेगळे आहे. मी तिसरा मार्ग, म्हणजे तीन सलग पेट्या, निवडला असता. दोन छोट्या गोल प्लगांवर फिनचा सगळा भार दोन बिंदूंवर येतो. सलग पेटीत तो फिनच्या पूर्ण बुडाइतक्या लांबीवर वाटला जातो. त्या पेट्या कापड चढवण्याआधी फोममध्ये बसवतात आणि कापड त्यांच्यावरून जाते, त्यामुळे त्या बोर्डाच्या कवचाशी एकजीव होतात. शिवाय तीन फिन्स असल्या की पुढे शिकल्यावरही बोर्ड अपुरा पडत नाही. राउटरसाठी, म्हणजे खाच कोरण्याच्या यंत्रासाठी, लागणारा साचा मी एमडीएफमध्ये अर्ध्या दिवसात करून देईन.

कोवलमची_लाट

काका, सलग पेटीच्या मजबुतीबद्दल आपण लिहिलेले सर्व मान्य आहे, आणि साचा करून देण्याची तयारी दाखवलीत ही मोठीच मदत आहे. तरीही पहिल्या बोर्डासाठी तीन पेट्या नकोत, असे मी पुन्हा म्हणेन, आणि त्याची कारणे कोनांमध्ये आहेत.

बाजूच्या फिन्स बोर्डाच्या मध्यरेषेला समांतर नसतात. त्यांची पुढची टोके आत, नाकाच्या दिशेने वळलेली असतात. सुमारे ११ सेंटिमीटर बुडाच्या फिनला पुढच्या आणि मागच्या टोकांत साधारण ६ मिलिमीटरचा फरक ठेवतात, म्हणजे कोन जेमतेम तीन अंशांचा. त्यातच त्या बाहेर कललेल्या असतात, तो कल पाच ते सात अंशांच्या आसपास असतो. त्यांची आतली बाजू सपाट आणि बाहेरची फुगीर असते. मधल्या फिनला मात्र दोन्ही बाजू सारख्या. छोट्या बोर्डावर मधल्या फिनचे मागचे टोक शेपटीपासून साधारण ८ ते ९ सेंटिमीटर, बाजूच्या फिन्सचे मागचे टोक सुमारे २८ सेंटिमीटर, आणि कडेपासून सुमारे ३ सेंटिमीटर आत, ही प्रचलित मापे आहेत. आपल्या लांब बोर्डावर ती सगळीच थोडी पुढे जातील.

आता, डावी फिन तीन अंशांत आणि उजवी चार अंशांत बसली, तर बोर्ड सरळ जाताना सतत एका बाजूला ओढतो आणि नवशिक्याला वाटते की आपला तोल चुकतो आहे. पेटी फोममध्ये बुडवून वरून कापड चढवल्यावर हा दोष काढण्यासाठी शेपटी कापावी लागते. तळाला खोलगटपणा दिला असेल, तर आणखी एक गोष्ट विसरली जाते: कल हा त्या जागच्या तळापासून न मोजता बोर्डाच्या मध्यावर आडव्या धरलेल्या सरळ पट्टीपासून मोजायचा असतो.

आणि जाडीचा प्रश्न आहेच. शेपटीकडे, कडेपासून ३ सेंटिमीटर आत, आपल्या बोर्डाची जाडी एका इंचाच्या आसपासच राहील. तेथे पाऊण इंच खोल पेटी बसवली, तर वरच्या बाजूला फोमचा पापुद्राच उरतो आणि नेमका त्याच जागी मागचा पाय पडतो. बाजूंसाठी अर्धा इंच खोलीच्या पेट्याही मिळतात, पण मग आपल्याला साचेही दोन लागतील.

मागवाला

एक लहानशी शंका. बोर्ड चेन्नईला नेण्याआधी हिप्परगा तलावात तपासून पाहता येणार नाही का?

कोवलमची_लाट

परवानगी घेऊन, लाइफ जॅकेट घालून आणि सोबतीला कोणी असताना अवश्य करा, परंतु त्यातून फक्त दोन गोष्टी कळतील: बोर्ड आपले वजन नीट पेलतो का, आणि पोटावर झोपून हाताने वल्हवताना नाक पाण्याच्या किती वर राहते. फिनची परीक्षा स्थिर पाण्यात होत नाही. वल्हवण्याच्या वेगाला तिच्यावर बल येतच नाही म्हटले तरी चालेल. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून लाटेवरून घसरतानाच ते खऱ्या अर्थाने जाणवते.

पॅटर्नमेकर

ताई, शेपटीच्या जाडीचा मुद्दा मला पटला. कडेशी एवढा कमी माल असताना पेटी खोल बसवणे कोणत्याही पॅटर्नमध्ये मी मान्य केले नसते. परंतु मग बाजूच्या फिन्सचा विचार कायमचा सोडायचा का? मधल्या एका फिनवर बोर्ड जोराने वळवताना शेपटी सुटते, असे मुले सांगतात.

कोवलमची_लाट

कायमचा सोडू नका, पुढे ढकला. येथेच दुसऱ्या मार्गाचा, म्हणजे दोन प्लगांच्या पद्धतीचा, खरा उपयोग आहे. ते जुन्या धर्तीचे गोल प्लग कापड चढवून बोर्ड पूर्ण झाल्यानंतरही बसवता येतात. मधली पेटी आत्ता बसवावी, काही महिने एकाच फिनवर सर्फिंग करावे, आणि गरज वाटली तर मधल्या पेटीच्या पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना साडेतीन इंचांहून कमी उंचीच्या दोन छोट्या फिन्स जोडाव्यात. मग मधली साडेसात इंची काढून सहा-साडेसहा इंचांची लावायची. या मांडणीला दोन अधिक एक म्हणतात आणि साडेसात फुटांच्या बोर्डाला ती फार चांगली मानवते. बाजूच्या फिन्स इतक्या लहान असल्यामुळे दोन प्लगांवर येणारा भारही बेताचा राहतो.

घेताना मात्र एक खबरदारी घ्यावी. जुने दोन प्लग असलेल्या बोर्डात एफसीएस टू या नव्या पद्धतीची फिन बसत नाही. उलट जुन्या फिन्स स्क्रू लावून नव्या पेटीत बसवता येतात. फ्यूचर्सचे बूड या दोहोंपेक्षा पूर्ण वेगळे असते. स्वस्त मिळाल्या म्हणून आधी फिन्स घेऊन ठेवू नयेत.

कायम चिकटवलेल्या फिन्सविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून एवढेच सांगते की पाण्यात त्यांच्याइतके सलग आणि सुंदर काही नाही. पण बोर्ड रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून किंवा बसच्या टपावरून जाणार असेल, तर पहिल्या धक्क्याला फिन बुडाशी तडकते आणि सोबत तळाचे कापडही उचलते.

रेझिनवाला_जुळे_सोलापूर

पेटी ठरली असेल, तर ती बसवण्याविषयी नीट लिहितो, कारण थर्मोकोलच्या बोर्डात पाणी शिरते ते बहुतेक वेळा याच जागेतून. मण्यांच्या मधल्या फटींतून ते लांबवर पसरते आणि मग वाळवणे अवघड होऊन बसते.

खाच पेटीपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठी करा. पेटी कोरड्या फोमवर बसवायची नाही. आधी खाचेच्या तळाला आणि भिंतींना मागवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे तिरके कापलेले पातळ कापड रेझिनमध्ये भिजवून असे लावा की ते वर तळावर दोन-तीन इंच पसरेल. मग काचेच्या बारीक तंतूंची पूड घालून दाट केलेले इपॉक्सी खाचेत भरा आणि पेटी दाबून बसवा, म्हणजे माल चारही बाजूंनी वर आला पाहिजे. पेटीचा प्लॅस्टिकचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चांगला खरवडून घ्या. पेटीची खाच आतून चिकटपट्टीने बंद ठेवा, नाहीतर रेझिन आत जाऊन स्क्रूची चकती कायमची अडकेल. सगळे तळाशी समतल घासून झाल्यावर वरून लंबगोल आकाराचे आणखी एक ठिगळ चढवा आणि ते सुकल्यावर फक्त खाचेपुरते कापून उघडा.

दाट इपॉक्सी एवढ्या खोल जागेत एकदम भरले, तर ते तापते आणि भोवतालचा थर्मोकोल वितळून पेटीभोवती पोकळी तयार होते. म्हणून येथेही संथ हार्डनर आणि रात्रीची वेळ. शक्य असेल तर भरणी दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा कोमट होऊन पुन्हा निवल्यावर दुसरा.

बोर्ड पांढराच ठेवा. खोलीच्या तापमानाला सुकलेले इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांपासून मऊ पडू लागते, आणि आपल्या उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत एवढे तापमान सहज होते. गडद रंग दिलेला बोर्ड गच्चीवर तासभर राहिला, तरी कवच फोमपासून सुटू शकते. कोवलमच्या ताई, थर्मोकोलच्या बोर्डांना हवा सुटण्यासाठी छोटा व्हेंट प्लग लावतात, असे वाचले आहे. येथे लावावा का?

कोवलमची_लाट

अवश्य लावावा. सोलापूरच्या उन्हात आणि रेल्वेच्या बंद डब्यात आतली हवा प्रसरण पावणारच, तिला वाट हवी. पाणी आत न जाऊ देता हवा जाऊ देणाऱ्या पडद्याचा व्हेंट मिळतो, तो वरच्या बाजूला, बोर्डाच्या मधोमध लांबीभर बसवतात त्या लाकडी पट्टीच्या शेजारी बसवा. साधा स्क्रूचा घेतलात, तर पाण्यात उतरण्यापूर्वी तो आवळणे आणि बाहेर आल्यावर सैल करणे ही जबाबदारी दोघांपैकी एकाने कायमची घ्यावी.

बाळीवेसकर

सर्वांचे मनापासून आभार. आमचा निर्णय असा झाला आहे. मध्यभागी साडेदहा इंची एकच पेटी, तिचे मागचे टोक शेपटीपासून सुमारे सहा इंचांवर. मधल्या लाकडी पट्टीला तेथे खाच पडणार असल्यामुळे तिच्या दोन्ही अंगांना घट्ट फोमचे तुकडे आधीच बसवू. पेटीच्या जागी शेपटीची जाडी पावणेदोन इंचांच्या खाली जाऊ देणार नाही, म्हणजे एक इंच खोल पेटीखाली पाऊण इंच फोम शिल्लक राहील. बाजूच्या दोन छोट्या फिन्सच्या जागा कापड चढवण्यापूर्वी फोमवर पेन्सिलने आखून ठेवू. रेझिनवाले साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कापड पारदर्शक झाले, की त्या रेषा बोर्ड पूर्ण झाल्यावरही दिसत राहतील आणि पुढे प्लग बसवायचे झाल्यास कोन नव्याने मोजावे लागणार नाहीत.

काका, फिन आम्ही आपण सांगितलेल्या रीतीने प्लायवूडचीच करणार आहोत. साडेसात इंच उंची, बुडाशी साडेसहा इंच रुंदी आणि मागे मध्यम झुकाव, असा आकार पुठ्ठ्यावर काढला आहे. पेटीच्या खाचेत बसणारे बूड किती जाडीचे ठेवावे, एवढा एक प्रश्न शिल्लक आहे.

पॅटर्नमेकर

बुडाची जाडी पुस्तकातून किंवा कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. पेटी हातात आली की तिची खाच कॅलिपरने तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. फायबरचे कापड चढल्यावर बूड दोन्ही अंगांनी जाड होते, ती वाढ आधीच वजा करून लाकूड उतरवा. बूड खाचेत हाताने सरकले पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. फिनला खाचेत अडकवणाऱ्या मागच्या आडव्या पिनेचे छिद्र लाकडात थेट पाडू नका. तेथे मोठे भोक करून ते दाट इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यात पिनेचे छिद्र पाडा, म्हणजे पाणी प्लायच्या थरांत उतरणार नाही. पेटी मिळाली की घेऊन या, खाच मोजून बूड आपण माझ्याकडेच रंध्यावर उतरवू.

रेझिनवाला_जुळे_सोलापूर

आणि रेझिनचे काम कोणत्या दिवशी धरता ते कळवा, मीही संध्याकाळी येतो. तिघेजण असाल तर उत्तम: एकाने मिश्रण करायचे, एकाने पसरवायचे आणि एकाने कडा खाली वळवायच्या. खोलीतला पंखा बंद ठेवा, धूळ बसते. खिडक्या मात्र उघड्या असू द्या.